देव नको, येडा बी नको

बिरा, तुझ्या दहाव्याला कावळा पहिल्या मिनिटात शिवला आणि माझा डाव उलटला.

लोकांचं उलटं असतं. लोक उन्हात ताटकळतात, पिंडाकडं बघतात, बाभळीकडं बघतात आणि कावळा येईना म्हणून एकेक वचन देत सुटतात. पोरांना सांभाळू. बांधावरनं भांडणार न्हाई. म्हस इकणार न्हाई. शिवला की सगळे हुश्श करतात. घोड नदीच्या त्या घाटावर आजवर मी दोन हजार दहाव्यांना माइक लावला असेल. बरं, दोनशे. तू बोट वर केलंस, दिसलं मला. मी काही सांगायला लागलो की तू न बोलता बोट वर करायचास. एक बोट म्हणजे निम्मं कमी कर, दोन बोटं म्हणजे सगळंच मागं घे. सरकारनंही कुणाची एवढी काटछाट केली नसेल. तर त्या दोनशे दहाव्यांत, कावळा शिवल्यावर 'आता कसं व्हायचं' म्हणणारा मी एकटाच.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. हे तोंडानं सांगायला गेलो की लोक आधीच हसायला लागतात, म्हणून लिहितोय. तुला सगळं ठाऊक आहे, पण कागद दुसऱ्या कुणाच्या हाती लागला तर त्यालाही कळावं. निमोण्याच्या अलीकडं फाट्यावर माझं साउंड सर्व्हिसचं दुकान. लग्न, जत्रा, बारसं, दहावा, इलेक्शन, काहीही असो, भोंगे माझे. एकदा मी नुसतं 'हॅलो, चेक' म्हटलं तर नदीपलीकडं श्रीगोंद्याच्या हद्दीतल्या कोंबड्या खुराड्याबाहेर आल्या होत्या. असं मी सांगतो. लोक ऐकतात, हसतात, आणि 'गेनूचं काय मनावर घेता' म्हणून उठून जातात. तीस वर्षं मी हसवून पोट भरलं. त्यात एकच थाप अशी निघाली की तिला कुणी हसलं नाही. ती तुझ्याबद्दलची होती, तुझ्या अंगात देव येतो ही. ती लोकांनी मनावर घेतली, तिची गादी झाली, आणि आता तुझ्यामागं त्या गादीवर नंदाला बसवायचं चाललंय. तुमच्याच घरात राहणारी तुझी बहीण शेवंता, तिची ही नंदा, आत्ता कुठं एकोणीस लागलंय. दिवाळीपासून तिला आवाज येतात, तू असेपर्यंत कुणाला बोलली नव्हती. तुला यायचे तसेच.

ती जत्रा तुला आठवते का रे? मला तर रोज आठवते. तू बँजो घेऊन स्टेजवर चढलास. तसं तुला कुणी बोलावलं नव्हतं, तमाशाच्या पार्टीला यायला उशीर झाला होता आणि मीच म्हणालो होतो, "बिरा, पाच मिनिटं काढ." तू सुरू केलंस ते तुझं मेंढरांचं गाणं. तुम्ही वस्तीवर कायमचे बसलात, शेती धरली, तेव्हा तुझ्या बानं सगळी मेंढरं बाजारात नेऊन विकली. तू तेव्हा नऊ वर्षांचा. त्या प्रत्येक मेंढीचं नाव तुझ्या गाण्यात होतं.

मोरी गेली, बांडी गेली,
कानफाटी वळून बघत गेली,
काळीच्या पाठची पांढरी गेली...

असं एकसारखं. चाल एकच, ताल मोडका, मधेच थांबून मेंढरं हाकल्यासारखं हुर्र करायचं. ज्यांना गाण्यातलं कळतं ते म्हणायचे, ह्याला सूरच नाही. सूर होता. तू बँजो पेटीला लावायचा नाहीस, विहिरीवरच्या मोटारीला लावायचास. मोटार चालू झाली की तिचा जो हूंऽऽ निघतो, त्यावर तारा ताणायच्या. लोडशेडिंग असलं की तुझा सूर गायब. "गेन्या, वीज आल्याशिवाय मला गाता येत न्हाई," असं सांगणारा गवई साऱ्या पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

तर त्या जत्रेत गाता गाता तू थांबलास आणि माझ्या भोंग्याकडं बघून ओरडलास, "गप बसा! किती बोलता!" भोंग्यातून तुझाच आवाज येत होता, बाकी कुणाचा नाही. पोरं हसली. मग शिट्ट्या. मग एक चप्पल आली, मग दुसरी. तू कानावर हात दाबून स्टेजवर गोल गोल फिरायला लागलास, आणि खालून चारपाच जण वर चढायला लागले. त्यांचे डोळे मी बघितले होते. दोन मिनिटांत तुझी हाडं मोडली असती. माझ्या हातात माइक होता, दुसरं काही नव्हतं. मी गरजलो, "खबरदार! पाया पडा! अंगात आलंय! देव बोलतोय!"

चढणारे जागच्या जागी थांबले. ज्यानं चप्पल मारली होती त्यानंच भंडारा उधळला. तू तसाच कान दाबून बसून राहिलास आणि चारशे माणसं तुझ्यापुढं वाकली. ह्यात बोट वर करू नकोस, हे चारशेच होते.

आणि मला काय वाटलं सांगू? मला गंमत वाटली. आपण कसला डाव टाकला, असं वाटलं. तुझे थोरले बंधू मारुतीआप्पा माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "गेनबा, माझ्या भावाला वाचवलंस." खरंच होतं. त्याआधी तुला गावात दगड बसायचे, त्यानंतर नारळ यायला लागले. मग मी तिखटमीठ लावत गेलो. बिरानं हरवलेला बैल कुठल्या ओढ्यात आहे ते सांगितलं. बिरानं हात लावला आणि बंद पडलेला जनरेटर सुरू झाला. दर रविवारी वस्तीवर माणसं यायला लागली, आप्पांनी ओसरीवर गादी घातली, वर छत लावलं. तुझं गाणं मात्र कुणी ऐकायला मागत नव्हतं. देवाला गाणं कशाला.

ज्यांनी ऐकलं, ते चुकून ऐकलं. तुला टेपचा नाद लागला होता आणि कॅसेटी माझ्या दुकानातून उचलायचास. भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटची खाच मोडतात, तिच्यावर चिकटपट्टी लावून वर आपलं गाणं भरायचास आणि परत जागच्या जागी ठेवायचास, चोराहून सभ्यपणे. न्हावऱ्याच्या एका लग्नात मी मंगलाष्टकांची कॅसेट लावली आणि भर मांडवात सुरू झालं, 'मोरी गेली, बांडी गेली...' नवरदेवाचा मामा माझ्या अंगावर धावून आला. मी बटण दाबणार, तेवढ्यात नवरीची म्हातारी आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की जरा." अख्खा मांडव रडला, असं मी पुढं सांगत फिरलो. तू दोन बोटं वर केलीस. खरं म्हणजे फक्त ती आजी रडली. तिच्या माहेरची मेंढरंही अशीच विकली होती. ती एकटी तुझं गाणं संपेपर्यंत तांदूळ मुठीत धरून बसली होती. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी अख्ख्या मांडवाचं सांगत बसलो.

तुला दौंडला पहिल्यांदा शेवंतानं नेलं, आप्पांना न सांगता. मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी पुण्याहून एक डॉक्टर यायचे. पुढच्या खेपेपासून मी तुझ्याबरोबर यायला लागलो. खोटं कशाला बोलू, दौंडला माझी भोंग्यांची दुरुस्ती असायची. गोळ्या सुरू झाल्यावर दीड महिन्यानं मी तुला विचारलं, "गेले का रे आवाज?" तू म्हणालास, "गेलं न्हाईत. बारीक झाल्यात. शेजारच्या घरात रेडिओ लागल्यागत." त्या दिवशी तू पहिल्यांदा माझ्या घरी दोन भाकरी खाल्ल्यास, कुणी विष घातलंय का हे न विचारता.

पण हात थरथरायला लागले. बँजोच्या बटणावर बोट ठेवायचं तर शेजारचं दाबलं जायचं. आणि इथं मी माती खाल्ली. लग्नसराई होती, मी तुला वरातीत बँजोला घेतलं होतं. देवबाबा बँजो वाजवणार म्हणून लोक मागणी करत होते. मी म्हणालो, "सीझनपुरत्या गोळ्या बंद ठेव की. पुढं घे." तू ऐकलंस. तू माझं ऐकायचास, बिरा, हीच तुझी खोड. पंधरा दिवसांनी तू उसात शिरलास आणि तीन दिवस सापडला नाहीस. आम्ही फड तुडवत तुझ्या नावानं हाका मारत होतो आणि तू आतमध्ये ऐकून गप्प बसला होतास, कारण त्या हाका खऱ्या की आतल्या, हे तुला कळत नव्हतं. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. गोळ्या तू आपल्या मनानं सोडल्यास असंच आप्पा समजतात.

आपलं भांडण झालं ते त्यानंतर, दौंडच्या फलाटावर. डॉक्टरांनी कंप कमी करायची गोळी दिली होती आणि तू इंजिन बघत बसला होतास. पुण्याकडनं आलेली गाडी दौंडला तोंड फिरवून नगरकडं जाते, तिचं इंजिन पुढनं सोडून मागं लावतात, हा तुझा आवडता खेळ. "बघ," तू म्हणालास, "गाडी तीच, मान्सं तीच. पुढं तोंड करून बसलेला आता मागं तोंड करून जानार. गोळीचं बी तसंच हाय. मी त्योच हाय."

मी म्हणालो, "वा! ह्याच्यावर गाणं कर."

"करीन. पर तू आधी माझं एक काम कर. माइकवरनं सांग."

"काय?"

"मला देव येत न्हाई, असं सांग."

मी हसलो. "मग काय येतं म्हणून सांगू? लोक म्हणतील येडा होता. परत दगडं खाशील."

"देव नको, येडा बी नको. आजारी म्हन. ताप आला तर म्हंतोसच की."

"ताप दिसतो, बिरा. अंगाला हात लावला की कळतो."

"मंग तू सांग म्हंजी दिसंल. तुझं लोक ऐकत्यात."

ह्यावर मी तुला भजी आणून दिली. पुढच्या जत्रेत सांगू, म्हणालो. पुढच्या जत्रेत म्हणालो, यंदा पाऊस नाही, लोक चिडलेले आहेत, पुढच्या वर्षी. तू आणखी एकदा विचारलंस, मग विचारणं सोडलंस. गोळ्या मात्र शेवटची दोन वर्षं एक दिवस चुकवल्या नाहीस. हात थोडा थरथरायचा, तर तू गाणीच सावकाश केलीस.

आणि तुझा सूड तू तुझ्या पद्धतीनं घेतलास, लबाडा! रविवारी आप्पांच्या शब्दाखातर गादीवर बसायचास आणि येईल त्याला एकच उत्तर. बाबा, पोट दुखतं. "दवाखान्यात जा." बाबा, सून बोलत नाही, कोपऱ्यात बसते. "दौंडला न्या. गुरुवारी." लोक खरंच जायचे, बरे व्हायचे आणि परत येऊन तुझ्याच पाया पडायचे. देवानं दवाखाना सांगितला म्हणे! मी तर पोट धरून हसलो होतो. तुझ्या तोंडावरची रेघ हलली नव्हती.

मग तू गेलास. हौदावर शेळीला पाणी पाजताना छातीत कळ आली आणि शिरूरला नेईपर्यंत संपलं. त्याचा ह्या आजाराशी काही संबंध नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तर आप्पा ओसरीवर बसलेले, आणि गादीसमोर नंदा, कान दाबून. तुझीच तऱ्हा. आप्पा म्हणाले, "गेनबा, दहावा झाला की हिच्या गळ्यात बिराची माळ घालायची. देव घर सोडून गेला न्हाई."

"आप्पा, दवाखान्यात दाखवू."

"दाखवू, आन् मंग? हिच्याशी लगीन कोन करंल? गादीवर बसली तर येडी म्हनायची कुनाची छाती न्हाई. तूच शिकवलंस की हे."

तूच शिकवलंस. त्यानंतर मला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर माझं खरं कोण ऐकणार? रोज सकाळी उठलो की दिवस मोजायचो, सात राहिले, सहा राहिले. मग मला माझ्या जातीचीच युक्ती सुचली. कावळ्याचं सगळे ऐकतात.

घाटावर बाभळीत कावळे असतातच. मी रोज सकाळी मोपेडवरून जायचो, बरोबर सुकट आणि बॅटरीवरचा छोटा ॲम्प्लिफायर. पिंड ठेवतात त्या दगडावर सुकट टाकायची आणि माइकच्या डोक्यावर बोटानं वाजवायचं, टक टक टक. दुसऱ्या दिवशी दोन आले. चौथ्या दिवशी टक टक ऐकलं की झाड काळं होऊन खाली यायचं. पाच-सहाच होते म्हण, पण यायचे. माझा बेत असा की दहाव्याला पिंड ठेवल्यावर आप्पा वचनं देत राहतील, कावळा येणार नाही, कारण टक टक नाही. लोक कावतील. मग मी माइक घेऊन म्हणणार, 'बिरा, नंदाला दौंडच्या दवाखान्यात नेऊ,' आणि सहज चाळा केल्यासारखं वाजवणार. कावळा हजर. तुझी इच्छा साऱ्या पंचक्रोशीसमोर सिद्ध. एक थाप उतरवायला दुसरी थाप. आहे की नाही?

तीस वर्षं मी लोकांना सांगतोय की माइकला टकटक करू नका, फुंकर मारू नका, तो चालू आहे. एकजण ऐकत नाही. हे मला, गेनू माइकवाल्याला, आठवू नये?

पिंड ठेवला. माणसं मागं सरली. आप्पा पुढं झाले, माइक हातात घेतला, आणि चालू आहे का बघायला त्यावर बोट वाजवलं. टक टक टक. "बिरा," आप्पा म्हणाले, "काळजी करू नगंस. तुझी गादी नंदा चालवंल." वाक्य पुरं व्हायच्या आत तीन कावळे पिंडावर.

बायकांनी हात जोडले, पिंडाला नाही, नंदाला. कुणीतरी तिच्या कपाळाला भंडारा लावला. ती घामानं भिजली होती आणि तोंडातल्या तोंडात कुणाशी तरी बोलत होती, आणि लोक म्हणत होते, बघा, बोलतोय. मी केलं ते, बिरा. दोन्ही वेळा मीच.

मग श्रद्धांजलीची भाषणं. सोसायटीचे चेअरमन झाले, सरपंच झाले, मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. हे कावळे मी शिकवलेत, सुकट घालून. लोक हसले. मागनं एकजण ओरडला, "गेनूशेट, दहाव्याला तरी सोडा!" मी म्हणालो, खोटं वाटतं? बघा. आणि माइक वाजवला. टक टक टक. एकही कावळा हलला नाही. पिंड खाऊन पोटं टम्म भरलेली, सगळे पलीकडच्या काठावर जाऊन बसले होते. आता तर पोटं धरून हसणं सुरू झालं. त्या हसण्यात मी बोललो. बिराला देव येत नव्हता. जत्रेत मी खोटं बोललो. तो आजारी होता, गोळ्यांनी बरा राहायचा, आणि त्याला हे तुम्हाला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. उसात गेला तेव्हा गोळ्या मी बंद करायला लावल्या होत्या.

हसणं थांबलं. पण पटलं म्हणून नाही. आप्पांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "दोस्त गेलाय त्याचा. डोकं ठिकान्यावर न्हाई. पानी द्या त्याला." आणि मला पाणी दिलं. दहा हजार वेळा, बरं, हजार वेळा मी खोटं बोललो तेव्हा मला कुणी वेड्यात काढलं नव्हतं.

माणसं पांगली. मी वायर गुंडाळत होतो. नंदा येऊन शेजारी उभी राहिली. कपाळावरचा भंडारा तिनं पुसला होता.

"माइकमामा," ती म्हणाली, "तुम्ही खोटं सांगता तवा तुमचा आवाज मोठा असतो. आज बारीक व्हता."

मी वायर खाली ठेवली.

"बिरामामाचं आवाज गेलं व्हतं का गोळीनं?"

मला 'हो' म्हणायचं होतं, बिरा. माझ्या तोंडात आलंच होतं, साफ गेले, आठ दिवसांत, गायब! मी म्हणालो, "गेले नव्हते. बारीक झाले होते. आणि हात थरथरायचा थोडा."

तिनं मान जरा तिरकी केली. आतलं कुणी बोलत असेल तर ते थांबायची वाट बघत असेल. मग म्हणाली, "मला बारीक झालं तरी चालंल."

हे शेवंतानं ऐकलं. ती तशीच पदर खोचून आप्पांकडं गेली. तुझी ही बहीण आप्पांसमोर जन्मात तोंड उघडून बोलली नव्हती. "आप्पा," ती म्हणाली, "बिरादादानं गादीवर बसून सगळं गाव दौंडला धाडलं. कुनाची सून, कुनाची पोर. माझीच पोर तेवढी गादीवर का?"

आप्पांनी टोपी काढून झटकली, परत घातली. त्यांना वाईट म्हणू नकोस, त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं पोरीला द्यायला. शेवटी एवढंच म्हणाले, "मी येनार न्हाई. तुमी जावा." आणि घरी जाऊन गादीवरचं छत उतरवलं. गादी अजून आहे. माळही खुंटीलाच आहे.

गुरुवारी आम्ही तिघं दौंडच्या एस.टी.त बसलो. नंदा खिडकीशी, कान दाबून नाही, पण मुठी आवळून. डॉक्टर नवे आहेत, तरुण, तुझे डॉक्टर आता येत नाहीत. त्यांनी नंदाशी आत अर्धा तास बोलून घेतलं, मग आम्हाला बोलावलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता?"

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. माझी जीभ तुला माहीत आहे. 'साहेब, आमचा बिरा म्हणजे...' इथून ती सुटली असती तर संध्याकाळपर्यंत थांबली नसती. मी म्हणालो, "हिच्या मामाला. आवाज यायचे. पंधरा-सोळा वर्षं. गोळ्या घेतल्या की कमी व्हायचे. एकदा मधेच बंद केल्या तेव्हा फार वाढलं. शेवटची दोन वर्षं नियमित घेतल्या. चांगला होता. बँजो वाजवायचा."

डॉक्टर लिहीत होते. मी जे बोललो ते सगळं त्यांनी तसंच लिहिलं, एकही बोट वर न करता. मला फार विचित्र वाटलं.

गोळी लागू पडायला काही आठवडे लागतात म्हणाले. तोवर जपा, मधेच बंद करू नका, कुणी सांगितलं तरी. हे शेवटचं त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं, पण मी मान खाली घातली. आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वस्तीवर जातो. आप्पा मला बघून गोठ्यात जातात. लग्नाचं काय होईल माहीत नाही, लोक बोलायला लागलेच आहेत. मला रोज धास्ती असते की आज माळ तिच्या गळ्यात दिसेल. ओसरीच्या पायरीवरून आधी खुंटीकडं बघतो.

आजही गेलो. नंदा अंगण झाडत होती. मी विचारलं, "काय गं?"

"अजून येत्यात, मामा," ती म्हणाली. "पर गोळी घेतली."